पट आणि पदे: भिवंडीच्या वस्त्यांमधील अंगणवाडीचा हिशेब

अंगणवाडीबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये दोन तक्रारी कायम ऐकू येतात. पालक म्हणतात, तिथे काही शिकवत नाहीत, नुसती खिचडी वाटतात. सेविका म्हणतात, मुलेच येत नाहीत तर शिकवायचे कोणाला? आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना दोन्ही बाजू ऐकल्या आहेत आणि दोन्ही बहुतेक वेळा खऱ्याच असतात. त्यांच्या मुळाशी दोन आकडे असतात. पटावर किती मुले आहेत, आणि मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. पट कमी दिसला की नवे केंद्र मिळत नाही. केंद्र आणि माणसे कमी असली की वस्तीतली मुले मोजलीच जात नाहीत, म्हणून पट कमी दिसतो. भिवंडीसारख्या स्थलांतरितांच्या शहरात हे चक्र जोरात फिरते. ते कुठे थांबवता येते, याची माहिती युवक आणि कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून हा लेख.

हक्क कुठून येतो

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. सक्तीचे शिक्षण फक्त प्राथमिक टप्प्यापुरते ठेवावे अशी दुरुस्ती एका सदस्याने सुचवली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास संविधान मनाई करत असेल, तर त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातून आलेल्या मूळ कलम ४५ मध्ये वयाची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्या कलमाच्या बाहेर नव्हते.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले याचा आपण आनंद मानतो आणि तो रास्तही आहे. पण त्याच दुरुस्तीने हा हक्क ६ ते १४ या वयापुरता बांधला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कलम ४५ मध्ये राज्याने प्रयत्न करावा, एवढेच उरले. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाची तजवीज सरकारच्या मर्जीवर सोडतो. आमच्या मते, मूळ कलमाने दिलेली मोकळीक इथे कापली गेली आणि त्याची चर्चा आपल्या चळवळीत जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

आहाराचे मात्र तसे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहार मिळणे हा कायदेशीर हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, हे प्रमाण २०१३ च्या मूळ कायद्याच्या परिशिष्टातच होते. आहार दिला नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता देणे लागते. म्हणून 'नुसती खिचडी' म्हणून नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात ठेवावे की आजच्या घडीला या वयाच्या मुलाचा सर्वांत पक्का कायदेशीर हक्क त्या खिचडीवरच आहे.

अंगणवाडी आपल्याच जिल्ह्यातली

अंगणवाडी हा शब्द दिल्लीतून आलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. गरीब घरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही कल्पना तिथली. पुढे १९५७ मध्ये हे काम आदिवासी भागात, कोसबाडला गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभरात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी निवडली गेली. एक आदिवासी तालुका, एक झोपडपट्टी. कल्पनेचा गाभा तोच होता: केंद्र कुठे आहे यावर तिथे कोण येणार हे ठरते.

हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चार वर्षांचे मूल एकटे हमरस्ता ओलांडत नाही. सकाळी लूमवर किंवा गोदामात जाणारी आई त्याला दुसऱ्या मोहल्ल्यात सोडून येत नाही. आणि गावाच्या मधोमध असलेल्या केंद्रात आपल्या वस्तीतले मूल दाराजवळ बसवले जाते की आत, हा प्रश्न ग्रामीण भागात अजून मिटलेला नाही.

केंद्र किती हवीत

मंजुरीचा निकष लोकसंख्येवर आहे. ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, ८०० ते १,६०० ला दोन, १,६०० ते २,४०० ला तीन आणि त्यापुढे दर ८०० ला एक. आदिवासी भागात सुरुवात ३०० पासून होते.

भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ९ हजार होती. सगळ्या शहराला हा निकष लावला तर ८८० च्या पुढे केंद्रे लागतात. शहरी प्रकल्पांची रचना झोपडपट्ट्या आणि गरीब वस्त्या डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष मंजुरीसाठी अख्खे शहर धरले जात नाही. तरीही ही संख्या आणि बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या यादीतली संख्या शेजारी ठेवून पाहावी. आणि २०११ नंतर देशात जनगणना न झाल्याने त्यानंतर वाढलेल्या चाळी आणि झोपड्या जुन्या आकड्यात नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

शहराच्या हद्दीवर आणखी एक गोम आहे. शेलार, खोणी, काटई ही गावे शहराला अगदी चिकटून आहेत, पण तिथे ग्रामपंचायत आहे. ग्रामीण अंगणवाड्या ठाणे जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे, तर शहरातल्या नागरी प्रकल्पाकडे आणि त्यावर सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनातील आयुक्तालय. रस्त्याच्या अलीकडे एक कार्यालय आणि पलीकडे दुसरे असल्याने हद्दीवरच्या वस्तीला दोन्हीकडून 'तुम्ही आमच्यात नाही' असे ऐकावे लागू शकते. अर्ज करण्याआधी आपली वस्ती कोणत्या प्रकल्पात येते हे लेखी घ्यावे. त्यात दोन आठवडे गेले तरी चालतील, पुढचे सहा महिने वाचतात.

चाळीस मुलांचा नियम

कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी अशी एकच गोष्ट या लेखात असेल तर ती ही. अन्न हक्काच्या खटल्यात (पीयूसीएल विरुद्ध भारत सरकार, रिट याचिका १९६/२००१) सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या ग्रामीण किंवा झोपडपट्टीतल्या रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यांना अंगणवाडी मिळाली पाहिजे. याला 'मागणीनुसार अंगणवाडी' म्हणतात. याच खटल्यात न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना नव्या केंद्रांमध्ये प्राधान्य द्यायला सांगितले आहे. पोषण आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, हा ७ ऑक्टोबर २००४ चा आदेशही इथलाच.

चाळीस मुले म्हणजे किती मोठी वस्ती? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ० ते ६ वयाची मुले लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के आहेत. म्हणजे साधारण ३३०–३५० माणसांमागे ४० मुले. घरटी पाच माणसे धरली तर ७० घरे. शांतीनगर, गायत्रीनगरसारख्या दाट भागात ७० घरे दोन-तीन गल्ल्यांत सापडतात. त्यामुळे 'आमची वस्ती लहान आहे, आम्हाला कोण देणार' हे वाक्य मोजणी केल्याशिवाय कोणी बोलू नये.

मोजणीचे काम युवक मंडळाने एका रविवारी करावे. घर क्रमांक, आईचे नाव, मुलाचे नाव, जन्मतारीख, सध्या अंगणवाडीत किंवा खासगी बालवर्गात जाते का, एवढे पाच रकाने पुरेत. जन्मतारखेचा दाखला नसेल तर लसीकरणाचे कार्ड पाहावे. भाडेकरू, हंगामी कामगार, नुकतेच आलेले कुटुंब, सगळे धरावे. नियम वस्तीतल्या मुलांबद्दल आहे, मतदारांबद्दल नाही. त्यावर रहिवाशांच्या सह्या घेऊन अर्ज प्रकल्प कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. तीन महिन्यांची मुदत त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजायची असते, म्हणून पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच धरावे.

पट: नाव, हजेरी आणि ताट

पटावरचे नाव, रोजची हजेरी आणि प्रत्यक्ष मिळालेला आहार हे तीन वेगळे आकडे आहेत आणि ते क्वचितच जुळतात. भिवंडीत त्याची कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले म्हणजे स्थलांतर. यंत्रमागाच्या कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली कुटुंबे गावी जातात, परत येतात, खोली बदलतात. तालुक्याच्या ग्रामीण भागात वीटभट्ट्यांवर पावसाळ्यानंतर आदिवासी कुटुंबे येतात आणि मे-जूनमध्ये निघून जातात. मूल इथे असते तेव्हा त्याचे नाव मूळ गावच्या पटावर असते. यासाठी पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नोंद हलवण्याची सोय आहे आणि राज्याची 'महाएमटीएस' ही स्थलांतर नोंदणीची वेगळी व्यवस्थाही आहे. सोय आहे, पण ती कोणीतरी वापरावी लागते. भट्टीवर जाऊन नावे घेणारी सेविका एकटी असेल तर तिच्यामागे केंद्र बंद राहते.

दुसरे कारण खासगी बालवर्ग. दहा बाय दहाच्या खोलीत चालणाऱ्या इंग्रजी किंवा उर्दू माध्यमाच्या केजीला पालक महिन्याला पैसे देतात आणि अंगणवाडीत नाव फक्त घरी न्यायच्या आहारासाठी आणि लसीकरणासाठी ठेवतात. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाला गणवेश, पाटी आणि इंग्रजी मुळाक्षरे मिळावीत असे कोणत्याही आईला वाटते. आम्हाला मात्र असे वाटते की यातून अंगणवाडीचे शिक्षण आणखी दुबळे होते. शिकायला कोणी येतच नसेल तर वरचे अधिकारीही त्याबद्दल विचारत नाहीत.

तिसरे कारण भाषा. पद्मानगरात तेलुगू, शहराच्या मोठ्या भागात उर्दू आणि हिंदी, गावांकडे आगरी, आपल्या वस्त्यांमध्ये मराठी. तीन वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत बोलणारी बाई समोर नसेल तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही, इतके हे साधे आहे.

आणि अलीकडचे कारण तंत्रज्ञानाचे. मार्च २०२१ पासून नोंदणी पोषण ट्रॅकरवर होते आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा पडताळणी लागते. त्यासाठी आईचे आधार, चालू मोबाइल क्रमांक आणि नेटवर्क हवे. मुलाचे स्वतःचे आधार सक्तीचे नाही, आईच्या आधारवर नोंद होते, हे पालकांना सांगत राहावे. ज्या बाईचा मोबाइल नवऱ्याकडे असतो आणि नवरा बारा तासांच्या पाळीवर असतो, तिची पडताळणी दुपारी कशी व्हायची, हा प्रश्न ॲप तयार करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. हक्क कायद्याने दिलेला आहे, ॲपने नाही. ॲप चालले नाही म्हणून आहार नाकारला गेला तर ती लेखी तक्रारीची बाब आहे.

पदे: एक सेविका, एक मदतनीस

प्रत्येक अंगणवाडीला एक सेविका आणि एक मदतनीस, साधारण २५ केंद्रांवर एक मुख्यसेविका, त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. कागदावर रचना एवढीच. ८०० लोकसंख्येत सहा वर्षांखालची साधारण ९५ मुले निघतात आणि त्यातली निम्मी तीन वर्षांवरची धरली तर एका खोलीत ४५ ते ५० मुले झाली. त्यांना सांभाळणे, शिकवणे आणि भरवणे, शिवाय वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस. हे दोन बायकांचे काम आहे. मदतनीसाचे पद रिकामे असले की सेविका मुले घरून आणणे, झाडू मारणे आणि वाटप करणे यातच अडकते आणि सगळ्यांत आधी काय सुटते? शिकवणे. पालकांची 'तिथे शिकवत नाहीत' ही तक्रार बहुतेकदा या रिकाम्या पदाची तक्रार असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने १८,८८२ पदांची भरती जाहीर केली. त्यात सेविकांची ५,६३९ आणि मदतनीसांची १३,२४३ पदे होती. म्हणजे मदतनीसांची भरायची पदे सेविकांच्या दुपटीहून अधिक. त्याचे एक कारण मिनी अंगणवाड्या. तिथे पूर्वी एकच कार्यकर्ती असायची, केंद्र नियमित झाले की मदतनीसाचे पद नव्याने लागते. दुसरे कारण म्हणजे पात्र मदतनीस सेविका होते तेव्हा तिची जागा रिकामी होते आणि ती भरायला पुढची जाहिरात यावी लागते.

तिसरे कारण पैसा आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनीसांचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. तेही पुरेसे नाही म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप झाला आणि तो पन्नास दिवसांहून अधिक चालला. २०२४ मध्ये पुन्हा वाढ झाली, ती त्या संपाची कमाई म्हणावी लागेल. तरी याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. शब्दांत मान आणि धन दोन्ही आहेत, बाकी हिशेब वाचकांनी करावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या प्रकरणात, सेविका आणि मदतनीसांना १९७२ च्या कायद्याखाली उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निर्णय दिला. वस्तीतली कोणी सेविका निवृत्त होत असेल तर तिला हा निर्णय दाखवावा.

शिवाय अंगणवाडीबाहेरची कामे. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचे काम सेविकांवर आले, अर्जामागे ५० रुपये. निवडणुकीची, सर्वेक्षणांची कामे तर नेहमीची. त्या दिवसांत केंद्राचा फलक उघडा असतो, पण आत मुलांपेक्षा अर्जांची रांग मोठी असते.

भरतीत आपल्या मुली

सध्याच्या नियमांनुसार सेविका आणि मदतनीस दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण असणे लागते. वय १८ ते ३५, विधवांसाठी ४० पर्यंत. स्थानिक रहिवासी असण्याची आणि लहान कुटुंबाची, म्हणजे हयात दोनच अपत्यांची अट आहे. निवड गुणांवर होते, लेखी परीक्षा किंवा मुलाखत नाही. विधवा, अनाथ आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना अतिरिक्त गुण आहेत. केंद्रातली निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी एखादी भाषा बोलणारी असतील तर ती भाषा येणाऱ्या उमेदवाराची तरतूद आहे. भिवंडीत या तरतुदीला मोठा अर्थ आहे आणि तिच्यावरून वाद घालण्याऐवजी त्या खोलीत बसलेल्या मुलाकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

इथे आपल्या मुलींचे नुकसान कुठे होते ते सांगतो. १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे धर्म बौद्ध आहे म्हणून अतिरिक्त गुण जात नाहीत. पण त्यासाठी जातीचा दाखला अर्जासोबत जोडलेला हवा. शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेले, वडिलांचे कागद गावी, आणि जाहिरातीची मुदत पंधरा दिवस, अशा वेळी हातचे गुण निसटतात. जाहिरात येण्याची वाट न पाहता बारावी झालेल्या प्रत्येक मुलीचा आणि सुनेचा दाखला, रहिवासी पुरावा आणि गुणपत्रिका तयार ठेवायला हव्यात. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा कागदही ठेवावा.

माहिती मागताना

माहिती अधिकाराच्या अर्जात गोल प्रश्न विचारू नयेत. प्रकल्पातील अंगणवाडीनिहाय यादी, पत्ता, सेविका आणि मदतनीस पद मंजूर आहे का, भरलेले आहे का, रिकामे असल्यास कोणत्या तारखेपासून, आणि ज्या केंद्राचा कार्यभार दुसऱ्या सेविकेकडे दिला आहे त्यांची नावे, एवढे मागावे. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. अतिरिक्त कार्यभाराचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दोन केंद्रे एकाच सेविकेकडे असतील तर त्यातले एक प्रत्यक्षात बंद असण्याची शक्यता मोठी असते, आणि यादीत मात्र दोन्ही चालू दिसतात.

जागेचा प्रश्नही याच यादीतून पुढे येतो. अंगणवाडीसाठी किमान ६०० चौरस फूट जागा, वेगळे स्वयंपाकघर, साठ्याची खोली आणि मुलांसाठी शौचालय असावे असा निकष आहे. भिवंडीच्या चाळीत एवढी मोकळी जागा भाड्याने मिळणे अवघड. काही ठिकाणी समाजमंदिर किंवा विहाराचे सभागृह सकाळच्या वेळी अंगणवाडीला दिले जाते. ते चांगलेच आहे, फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. जागा देताना प्रकल्प कार्यालयाशी लेखी करार करावा, आणि केंद्र सर्व वस्तीचे आहे हे दारावर आणि वागण्यात स्पष्ट असावे. शेजारच्या गल्लीतले मुस्लिम किंवा तेलुगू कुटुंबातले मूल उंबऱ्यावर घुटमळले तर ४० चा आकडाही भरत नाही आणि ज्या कारणासाठी जागा दिली तेही राहून जाते.

आहार किंवा केंद्राबाबतची तक्रार आधी मुख्यसेविका आणि प्रकल्प अधिकाऱ्याकडे, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे नेता येते. तक्रारीत सेविकेचे नाव पुढे करू नये. रिकामे पद, बंद केंद्र, न आलेला आहार असे लिहावे आणि मोजणीची यादी सोबत जोडावी. सेविका बहुधा त्याच वस्तीतली असते, आणि पुढच्या मोजणीला तीच सगळ्यांत जास्त कामाला येते.